दोन्हीजन जा

लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येते तेव्हा तिला झोक्यावर बसवतात, गौराईची गाणी म्हणायला लावतात, सांजोऱ्या आणि आमरस खाऊ घालतात. दुसऱ्या आखाजीला हेच सगळं असतं, फक्त दुपारी बायका ओट्यावर टेकल्या की एखादी नजर तिच्या पोटाकडे जाऊन येते. तिसऱ्या वर्षी नजरेवर भागत नाही. "काही शे का नही?" म्हणजे "काही आहे की नाही?" असं सरळ अहिराणीत विचारतात. विचारणाऱ्या बाईच्या मनात वाईट नसतं. पण लेक उत्तर न देता पाणी आणायला म्हणून आत निघून जाते, आणि तिच्या आईचं अर्धं लक्ष मग दिवसभर आतल्या दाराकडे राहतं.

आमच्या खान्देशात, अमळनेर-पारोळ्याकडे, त्यानंतरची वाट ठरलेली असते. नवस बोलतात. मनुदेवीला जातात, सप्तशृंगीला जातात. मग कुणाच्या तरी ओळखीतून मुळी किंवा पुडी येते. ती तीन पाळ्या घेऊन बघतात. त्यानंतर कधीतरी सासू सुनेला घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात जाते. सुनेचं रक्त तपासतात, सोनोग्राफी होते, गोळ्या सुरू होतात. मुलगा त्या वेळी शेतात, दुकानात नाहीतर सुरतेला असतो. त्याची तपासणी झालीच तर सगळ्यात शेवटी होते.

नवसाबद्दल माझी तक्रार नाही. देवीच्या पायऱ्या चढल्याने कुणाचं काही बिघडत नाही, मनाला उभारी मिळत असेल तर जरूर चढाव्यात. बिघडतं ते मधल्या काळात निघून जाणाऱ्या वर्षांमुळे. बाईच्या अंडाशयातली बीजं जन्मतःच मोजून दिलेली असतात. जन्माच्या वेळी दहा ते वीस लाख असतात, पाळी सुरू होईपर्यंत तीन-चार लाख उरतात, आणि नवी कधीच तयार होत नाहीत. पस्तिशीनंतर त्यांची संख्याही झपाट्याने उतरते आणि कसही. तिशीतल्या निरोगी बाईला एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता साधारण वीस टक्के असते, चाळिशीत ती पाच टक्क्यांच्या आसपास येते.

माझ्या सासूबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. आमच्या लग्नाला दोन वर्षं होऊन गेली तेव्हा भाऊबंदांत कुजबुज सुरू झाली होती. मी एकटीच अमळनेरच्या डॉक्टरांकडे जायला निघाले, तर त्यांनी मला उंबऱ्यावर थांबवलं आणि म्हणाल्या, "दोन्हीजन जा, माय. एकली जावू नको." त्या असं का म्हणाल्या ते मला पुढे कळलं. त्यांच्या थोरल्या जावेला मूल झालं नाही म्हणून घरात सवत आणली होती. सवतीलाही मूल झालं नाही. दोघी एकाच छपराखाली म्हाताऱ्या झाल्या. दोघींनाही गावाने ओवाळणीच्या ताटापासून लांब ठेवलं, आणि त्या दोघींच्या नवऱ्याचं नाव या बाबतीत कुणी शेवटपर्यंत घेतलं नाही. सासूबाईंनी हे सगळं चुलीजवळ बसून पाहिलं होतं. डॉक्टरांच्या पुस्तकात जे लिहिलेलं असतं, ते त्यांना त्या घरानं शिकवलं होतं.

पुस्तकात असं आहे, की मूल न होण्याच्या प्रकरणांपैकी साधारण निम्म्यांत पुरुषाच्या बाजूने काही ना काही कारण सापडतं, कधी एकटं, कधी बाईच्या कारणासोबत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं, की जगात दर सहा प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी या अडचणीतून जावं लागतं. म्हणजे कानबाई या आमच्या देवीच्या सणाला, रोटांसाठी, सुरत, नाशिक, पुण्याहून एका घरात भाऊबंद जमतात, त्या गर्दीतही अशी तीन-चार जोडपी असणारच. ती बोलत नाहीत म्हणून दिसत नाहीत.

कधी जायचं, याचा हिशोब सोपा आहे. बाईचं वय पस्तिशीच्या आत असेल आणि कोणतंही साधन न वापरता, नियमित संबंध ठेवून एक वर्ष झालं असेल, तर दोघांनी तपासणीला जावं. एका वर्षात शंभरातल्या साधारण पंच्याऐंशी जोडप्यांना दिवस राहतात, म्हणून ही वर्षाची रेघ. बाईचं वय पस्तीसच्या पुढे असेल तर सहा महिने. चाळिशी आली असेल तर थांबायचंच नाही, मूल हवं असं ठरलं की त्याच महिन्यात जायचं.

पण हे एक वर्ष मोजायचं कसं, हे आपल्याकडे नीट सांगितलं जात नाही. खान्देशातली हजारो पोरं सुरत-उधन्याच्या कापडमिलांमध्ये आहेत, कुणी फौजेत आहे, कुणी ट्रकवर. बायको गावी, नवरा दिवाळी, होळी आणि कानबाईला घरी. अशा जोडप्याचं लग्न पाच वर्षांचं असलं तरी सोबत राहणं सगळं मिळून पाच महिन्यांचं असतं, आणि त्या मुलीला पाच वर्षांचा बोल लागलेला असतो. महिन्यातले दिवस राहण्याजोगे दिवस सहाच: अंडं फुटतं, म्हणजे अंडाशयातून बीज बाहेर पडतं, तो दिवस आणि त्याआधीचे पाच. शुक्रजंतू बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकतात, अंडं मात्र जेमतेम एक दिवस. नवऱ्याची सुट्टी या सहा दिवसांत पडली नाही, तर त्या महिन्यात काही होणारच नव्हतं. म्हणून डॉक्टर "लग्नाला किती वर्षं?" याच्या पाठोपाठ "सोबत किती महिने राहता?" असं विचारतात, निदान विचारायला हवं. त्यांनी विचारलं नाही, तर आपण होऊन सांगावं.

याच्या उलट, काही जणांनी वर्षभर वाट बघायचीच नसते. पाळी दोन-दोन महिने येत नसेल, किंवा इतकी दुखत असेल की गोळी घेऊनही कामाला जाता येत नाही. पूर्वी क्षयरोग होऊन गेला असेल, ओटीपोटात जंतुसंसर्ग झाला असेल, अंडाशयाची किंवा फुटलेल्या अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली असेल, कर्करोगाची औषधं घ्यावी लागली असतील. गर्भपात दोनदा झाला असेल तर त्याचीही तपासणी वेगळी आणि लगेच व्हावी. पुरुषाच्या बाबतीत, लहानपणी अंडगोळी खाली न उतरल्याने ऑपरेशन झालं असेल, वयात आल्यावर गालगुंड होऊन अंडकोष सुजले असतील, हर्निया-हायड्रोसील कापला असेल, संबंधात अडचण येत असेल. या गोष्टी सोयरीक जमवताना लपवल्या जातात हे मला माहीत आहे. निदान डॉक्टरांसमोर तरी लपवू नयेत.

एक मूल आहे आणि दुसरं राहत नाही, त्यांनाही हाच नियम. "एक शे ना, मंग काय?" म्हणून त्यांना गप्प केलं जातं. त्यांचं दुःख लहान नसतं, आणि पहिल्या खेपेनंतर शरीरात बदल झालेलेही असू शकतात.

आता मला ज्याबद्दल मनापासून बोलायचं आहे ते, म्हणजे पुरुषाची तपासणी. सगळ्या तपासण्यांत ही सर्वात सोपी, सर्वात स्वस्त आणि बिनदुखीची. सुई नाही, भूल नाही, काही शे रुपयांत होते. तरीही ती शेवटी होते आणि बाईचे एक्स-रे, सोनोग्राफ्या, कधी कधी दुर्बिणीचं ऑपरेशनसुद्धा तिच्या आधी होऊन गेलेलं असतं. आपण शेतकरी माणसं. घरचं सोयाबीन पेरायचं असेल तर आधी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवतो आणि किती कोंब फुटतात ते मोजतो. उगवण कमी आली तर रानाला कुणी शिव्या देत नाही. एवढी साधी रीत घरातल्या माणसाला मात्र लावायची नाही, हे मला कधीही पटलेलं नाही.

वीर्यतपासणीसाठी आधी दोन ते सात दिवस वीर्यस्खलन झालेलं नसावं. दोनपेक्षा कमी नको आणि सातपेक्षा जास्तही नको. महिनाभर थांबलं की रिपोर्ट चांगला येतो, हा समज खोटा आहे. नमुना शक्यतो लॅबमध्येच, तिथल्या बंद खोलीत द्यायचा. तिथे जमत नसेल तर घरून आणता येतो, पण लॅबने दिलेल्या डबीत, तासाभराच्या आत, शर्टाच्या आत अंगाजवळ धरून, म्हणजे तो थंड पडत नाही. साधा निरोध वापरून नमुना गोळा करू नये, त्यावरच्या औषधाने शुक्रजंतू मरतात. थोडा सांडला असेल तर लाज न धरता सांगावं, कारण सांडलेला भाग धरला नाही तर आकडा चुकतो. मागच्या दोन-तीन महिन्यांत टायफॉईड, डेंग्यू, मलेरिया असा मोठा ताप येऊन गेला असेल तर तेही सांगावं.

रिपोर्टवरचे आकडे बघून माणसं खचतात, म्हणून ते कसे वाचायचे हे थोडं सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणे खालची रेघ अशी: वीर्य १.४ मिली, एका मिलीत १ कोटी ६० लाख शुक्रजंतू, त्यातले ४२ टक्के हालचाल करणारे, ३० टक्के पुढे सरकणारे, आणि नीट आकाराचे फक्त ४ टक्के. "छ्याण्णव टक्के खराब" असं वाचून एका माणसाने माझ्यासमोर डोकं धरलं होतं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, की चार टक्के पुरेसे असतात. या रेघा ज्यांच्या बायकांना वर्षाच्या आत दिवस राहिले अशा पुरुषांच्या नमुन्यांवरून काढलेल्या आहेत, आणि त्या पुरुषांपैकीही शंभरातले पाच जण या रेघांच्या खालीच होते. म्हणजे रेघेच्या खाली असणं म्हणजे दार बंद होणं नव्हे. शिवाय एका रिपोर्टवर काहीच ठरवायचं नसतं. शुक्रजंतू तयार व्हायला सत्तरच्या वर दिवस लागतात, म्हणून कमी आलेली तपासणी साधारण तीन महिन्यांनी पुन्हा करतात. शून्य आला तर मात्र इतकं न थांबता लवकर पुन्हा करून बघतात. खरोखरच शून्य असेल तर पुढचा प्रश्न असतो की तयारच होत नाहीत, की तयार होऊन वाटेत अडतात. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

या आकड्यांचा आणि पुरुषाच्या ताकदीचा काडीचा संबंध नाही. आखाड्यात गडी लोळवणाऱ्याचाही आकडा शून्य असू शकतो. उलट जिममध्ये अंग कमवायला कुणी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेत असेल, तर त्यानेच शुक्रजंतू बनणं थांबतं. जळगाव-धुळ्याच्या पोरांना हे ओरडून सांगावंसं वाटतं. बाहेरून मिळतंय असं दिसलं की मेंदू आतला कारखाना बंद करतो. इंजेक्शनं सोडल्यावर बहुतेकांचं काही महिन्यांत परत सुरू होतं, काहींचं फार उशिरा. तंबाखू, गुटखा आणि दारू यांचंही नुकसान आहेच. भट्टी, बॉयलर यांसमोर तासन्‌तास काम असेल तर तेही डॉक्टरांना सांगण्यासारखं.

आणि फवारणी. आमच्या ह्यांचं कृषी सेवा केंद्र आहे, म्हणून हा विषय माझ्या फार जवळचा. १९७७ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्यात, जिथे डीबीसीपी नावाचं सूत्रकृमीनाशक, म्हणजे पिकाच्या मुळांना लागणाऱ्या बारीक कृमींवरचं औषध, बनत असे, तिथल्या कामगारांच्या आपसातल्या बोलण्यात एक गोष्ट आली: आपल्यापैकी कुणालाच अलीकडे मूल झालेलं नाही. तपासलं तर कितीतरी जणांचे शुक्रजंतू शून्यावर किंवा त्याच्या जवळ होते. हेच औषध नेमागॉन नावाने मध्य अमेरिकेतल्या केळीच्या बागांत वापरलं गेलं, आणि तिथल्या हजारो मजुरांनी पुढे कोर्टात धाव घेतली. अमेरिकेत १९७९ मध्ये त्यावर जवळपास पूर्ण बंदी आली. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात सूत्रकृमी काय ते कुणाला समजवावं लागत नाही. आज आपल्या दुकानांत मिळणारी औषधं वेगळी आहेत आणि प्रत्येकाने असंच होतं असं मुळीच नाही. पण इतकं तरी त्या कामगारांकडून घ्यावं, की फवारणी करणाऱ्याने हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे वापरावेत, आणि तपासणीच्या वेळी डॉक्टरांना "मी काय फवारतो" ते नाव घेऊन सांगावं.

आता बाईच्या बाजूची तपासणी. पहिल्या भेटीत बराच वेळ बोलण्यातच जातो, जायला हवा. पाळी किती दिवसांनी येते, संबंध किती वेळा होतात, दुखतं का, पूर्ण होतो का, असे प्रश्न येतात. एकत्र कुटुंबात, दोन खोल्यांच्या घरात, जिथे उन्हाळ्यात सगळं घर गच्चीवर झोपतं, तिथल्या जोडप्याला हे उत्तर सोपं नसतं. कितीतरी जोडप्यांचा संबंध नीट झालेलाच नसतो आणि ती तपासण्यांच्या चक्रात फिरत राहतात. म्हणून या बोलण्याच्या वेळी सासूने बाहेरच्या बाकावर बसावं. डॉक्टरांनी तसं सांगितलं नाही, तर नवऱ्याने सांगावं.

पाळी पंचवीस ते पस्तीस दिवसांनी नेमाने येत असेल तर अंडं बहुधा फुटतच असतं. खात्रीसाठी प्रोजेस्टेरॉनची, म्हणजे अंडं फुटल्यावर वाढणाऱ्या संप्रेरकाची, रक्ततपासणी करतात. तिला "एकविसाव्या दिवसाची तपासणी" म्हणतात, पण ती अठ्ठावीस दिवसांच्या पाळीसाठी. खरं म्हणजे ती पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी करायची असते. पस्तीस दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईने एकविसाव्या दिवशी रक्त दिलं तर रिपोर्ट उगाचच खराब येतो, आणि ती महिनाभर रडते. रक्तातली आणखीही संप्रेरकं बघतात: थायरॉईड, गरज असेल तर प्रोलॅक्टिन, पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एफएसएच, आणि कधी एएमएच. एएमएचचा सध्या फार बोलबाला आहे. त्यावरून अंडाशयात साधारण किती बीजं शिल्लक आहेत याचा अंदाज येतो, आणि औषधांना अंडाशय किती साथ देईल याचाही. आपोआप दिवस राहतील की नाही, हे मात्र त्यावरून सांगता येत नाही. एएमएच कमी असलेल्या बायकांना घरच्या घरी दिवस राहतात.

सोनोग्राफी आतून करतात, म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्या मुली घाबरतात. बोटाएवढ्या जाडीची, आच्छादन घातलेली दांडी असते. लघवी करून यायचं, अंग सैल सोडायचं, पाच-दहा मिनिटांत होतं. महिला डॉक्टर हवी किंवा नर्स सोबत हवी, असं म्हणण्याचा हक्क आहे. गर्भलिंगनिदान बंदीच्या १९९४ च्या कायद्यामुळे त्या खोलीत "येथे गर्भलिंग निदान केले जात नाही" असा फलक असतो आणि ओळखपत्राची विचारणा होते, त्याने गांगरून जाऊ नये.

सगळ्यात जास्त भीती असते ती नळ्यांच्या एक्स-रेची, म्हणजे एचएसजीची. माझीही होती. रक्तस्राव थांबल्यावर आणि अंडं फुटण्याच्या आधी, साधारण सहाव्या ते अकराव्या दिवसाच्या मध्ये तो काढतात. त्या महिन्यात पाळी आल्यापासून तपासणीपर्यंत संबंध ठेवायचा नाही. तासभर आधी दुखण्याची गोळी घेतात. डॉक्टर विसरले तर आपण मागावी. टेबलावर झोपवून गर्भाशयाच्या तोंडातून बारीक नळीने औषध सोडतात आणि ते पुढे कसं पसरतं ते एक्स-रेवर बघतात. औषध आत जाताना पाळीच्या पहिल्या दिवसासारखी जोराची कळ येते. मला ती बऱ्यापैकी आली होती आणि मी नर्सचा हात घट्ट धरला होता. काही मिनिटांत ती ओसरली. काही जणींना जेमतेम जाणवते, काहींना घाम फुटतो. घरी जाताना पॅड लागतो, एक-दोन दिवस थोडा डाग दिसतो. ताप आला किंवा घाण वास यायला लागला तर लगेच परत जायचं. कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी असेल तर आधीच सांगायचं. आणि रिपोर्टमध्ये "नळी बंद" असं आलं, तरी गर्भाशयाजवळच्या टोकाला बंद असेल तर ती कधी कधी फक्त आखडलेली असते, खरोखर बंद नसते. एकाच एक्स-रेवर "नळ्या गेल्या" असं मानून घेऊ नये.

नळ्या बंद होण्यामागे आपल्या देशात क्षयरोग हे मोठं कारण आहे. खोकला नाही, ताप नाही, वजन उतरलेलं नाही, तरी गर्भाशयात आणि नळ्यांत तो गुपचूप बसलेला असू शकतो. घरात कुणाला टीबी झाला होता का, हा प्रश्न म्हणूनच विचारतात. संशय असेल तर गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवतात. निदान झालं तर औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. पण संशयाशिवाय, सरसकट "पिशवी साफ करून बघू" किंवा "दुर्बीण टाकून बघू" असं पहिल्याच भेटीत कुणी म्हणालं, तर "याने पुढचं काय बदलणार आहे?" असं शांतपणे विचारावं. हा प्रश्न प्रत्येक महागड्या तपासणीला लागू पडतो. चांगला डॉक्टर त्याने रागावत नाही.

नंदुरबार, शहादा, धडगाव, अक्कलकुवा या भागातल्या आणि शिरपूर-चोपड्याच्या सातपुड्याकडच्या जोडप्यांनी सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराची, तपासणी याच वेळी करून घ्यावी. भिल्ल आणि पावरा समाजात हा आजार बराच आढळतो. दोघेही वाहक असतील, म्हणजे स्वतःला आजार नसला तरी त्याचा दोष अंगात असेल, तर प्रत्येक खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, आणि हे दिवस राहण्याआधी कळलेलं केव्हाही बरं. हिमोग्लोबिन, साखर, रुबेलाची प्रतिकारशक्ती हेही बघून घेतात. रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिडची गोळी तर मूल हवं असं ठरलं त्या दिवसापासून सुरू करायची असते.

आमच्या दोघांच्या तपासणीत दोघांचंही थोडं थोडं निघालं. माझा थायरॉईड, ह्यांचे शुक्रजंतू कमी आणि मंद. रिपोर्ट घेऊन घरी आलो तेव्हा ह्यांनी जेवायच्या आधी स्वतःच्या तोंडाने आईला सांगितलं, "मनाबी दोष शे," म्हणजे माझाही दोष आहे. सासूबाईंनी फक्त मान हलवली आणि ताट वाढलं. भाऊबंदांपैकी कुणी मला पुन्हा काही विचारलं नाही, कारण त्यानंतर विचारणाऱ्याला सासूबाई आणि हे, दोघेही उत्तर द्यायचे. आमची मुलगी आज शाळेत जाते. माझ्या दोन मैत्रिणींनी आमच्यासारख्याच सगळ्या तपासण्या केल्या, उपचार केले, आणि त्यांना मूल झालं नाही. त्यांच्या तपासण्या वाया गेल्या असं त्या दोघी म्हणत नाहीत. एकीच्या घरात दुसऱ्या लग्नाचं बोलणं निघालं होतं, ते नवऱ्याच्या रिपोर्टने थांबलं. दुसरीला चाळिशीच्या आत कळलं की पुढे जायचं नाही, आणि तिने नवऱ्यासोबत बसून तसं ठरवलं.

तपासणीला जाणाऱ्या शंभरातल्या पंधरा ते तीस जोडप्यांत सगळे रिपोर्ट चांगले येतात आणि तरी दिवस राहत नाहीत. हे ऐकायला सगळ्यात कठीण जातं, कारण धरायला काही हाती लागत नाही. कारण सापडलं नाही म्हणजे कारण नाही असं नव्हे, आजच्या तपासण्यांना दिसत नाही इतकंच. वय कमी असेल तर अशा जोडप्याला डॉक्टर काही महिने नुसतं थांबायलाही सांगतात, आणि तो सल्ला खरा असू शकतो. काहींना अंडं फुटण्याच्या गोळ्या लागतात, काहींना आययूआय, म्हणजे शुक्रजंतू बारीक नळीने गर्भाशयात सोडणं, काहींना टेस्ट ट्यूब बेबी. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हाताखाली ६ ऑगस्ट १९८६ ला हर्षा ही टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, त्याला आता जवळपास चाळीस वर्षं होतील. तेव्हा त्या नावाने बिचकायचं कारण नाही. घाईने तिकडे उडी मारायचंही नाही. २०२१ च्या कायद्याप्रमाणे हे उपचार देणाऱ्या केंद्राची नोंदणी असावीच लागते, बाईचं वय २१ ते ५० आणि पुरुषाचं २१ ते ५५ च्या मध्ये असावं लागतं, आणि दोघांची लेखी संमती लागते. नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर दिसलं नाही तर विचारावं.

सुरतेला असलेल्या माझ्या भाचीने परवा फोन करून विचारलं, "मामी, पहिल्यांदा जाताना काय काय नेऊ?" तिला सांगितलं ते इथे लिहिते. मागच्या सहा पाळ्यांच्या तारखा कागदावर लिहून न्या. दोघांचेही जुने रिपोर्ट, ऑपरेशनची कागदं, चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं न्या, जावईबापूंचीसुद्धा. त्यांची सुट्टी त्या दिवशी पक्की करा आणि त्यांची तपासणी त्याच आठवड्यात होऊ दे. प्रत्येक रिपोर्टची प्रत मागून घ्या आणि फाइल दवाखान्यात न ठेवता आपल्या घरी ठेवा, म्हणजे गाव बदललं, डॉक्टर बदलला तरी तेच रक्त पुन्हा काढावं लागणार नाही. एक्स-रे परत काढायला कुणी सांगितलं तर आधी जुना दाखवा.

तिने मग विचारलं, सासूबाईंना सोबत न्यायचं का. मी म्हटलं, येत असतील तर येऊ देत, बाहेरच्या बाकावर बसू देत. पण डॉक्टरांसमोरच्या दोन खुर्च्या तुमच्या दोघांच्या.